कुत्र्याला काठीचीच भाषा कळते म्हणे!

काल डेअरीवर दूध घालताना पुन्हा तेच ऐकलं. “कुत्र्याला कसलं आलंय ट्रेनिंग? दोन टोले दिले की सरळ होतंय.” वर सगळ्यांचं हसणं. तिथं बोललो नाही, इथं बोलतो.

माझा आधीचा कुत्रा मी असाच सरळ केला होता. हाक मारल्यावर उशिरा आला की फटका. चार महिन्यांत पठ्ठ्या काय शिकला? हाक आली की मालकापासून दहा हात लांब थांबायचं. एकदा डांबरी रस्त्यापलीकडं होता. हाक मारली, निघाला, आणि नेहमीसारखाच दहा हातांवर थांबला. रस्त्याच्या मधोमध. टेम्पोवाल्याची काही चूक नव्हती.

आता सांगा, काठीनं त्याला काय कळलं होतं?

दुसरं एक ऐकवतात. “कोंबडी मारली की कान पाडून बसतंय, म्हणजे गुन्हा कळतोय की त्याला.” अलेक्झांड्रा होरोविट्झ बाईंनी २००९ मध्ये यावरच अभ्यास छापलाय. कुत्र्यानं खाऊ चोरला असो वा नसो, मालक ओरडला की तोंड तसंच होतं. म्हणजे ते आपला राग वाचतंय. तासाभरानं मेलेली कोंबडी तोंडावर मारून शिकवणाऱ्यांनी हे नीट वाचा.

आताच्या कुत्रीला क्लिकरवर शिकवतोय. लहानपणी जत्रेत टिकटिक वाजणारी पत्र्याची बेडकी मिळायची ना, तसलंच काम. आधी दोन दिवस नुसतं टिक, की लगेच उकडलेल्या अंड्याचा तुकडा. टिक म्हणजे खाणं, एवढं डोक्यात बसू द्यायचं. मग लांब दोरीवर धरून शेळ्यांपासून पन्नास फुटांवर उभा राहिलो. शेळीकडं बघून तिनं मान माझ्याकडं वळवली, त्याच क्षणी टिक. मान परत शेळीकडं गेल्यावर वाजवलं तर उलटंच शिकणार. पन्नासाचे दहा फूट व्हायला पाच आठवडे गेले. मधे मीच घाई केली, पंचवीस फुटांवर दोरी हिसकून धावली, पुन्हा चाळीसवर जावं लागलं. शेळ्यांजवळ दोरी अजून सोडलेली नाही, उगाच फुशारकी नको.

“ही तर लाच झाली.” हो का? मग आंबोण पुढं ठेवून म्हैस पान्हवतो ते काय असतं?

कॅरन प्रायर म्हणून बाई १९६० च्या दशकात हवाईत डॉल्फिन शिकवायच्या, शिट्टी आणि मासा देऊन. पुढं कुत्र्यांसाठी क्लिकरचा प्रसार त्यांनीच केला. डॉल्फिनला काठी मारून बघा की, बुडी मारून निघून जाईल. कुत्रं बिचारं साखळीला असतं, म्हणून आपली मर्दुमकी.

राहता राहिलं “असलं कुत्रं मऊ पडतंय, राखण करत नाही.” परवा रात्री मक्यात रानडुकरं शिरली तर हिनं अख्खी वस्ती उठवली. मोकळीच होती, बांधापर्यंत भुंकत गेली. डुकराच्या अंगावर जायला नको म्हणून हाक मारली. अंधारातनं सरळ पायाशी येऊन बसली, आणि खिशात अंडं नव्हतं राव. घरात नेऊन अर्धी भाकरी दिली.