पत्ता मराठवाड्याचा आणि काम पुण्यात? चालणार नाही!

मराठवाड्याच्या मागासलेपणाचे नाव पुढे करून स्टार्टअपसाठी सरकारी अनुदान उचलायचे आणि माणसे, यंत्रे, पगार सगळे पुण्या-मुंबईत ठेवायचे, असा बेत कोणी आखत असेल तर त्याने तो आजच सोडावा. जागेवर न जाता अशा अर्जावर सही करणाऱ्या अधिकाऱ्यांनीही हे नीट वाचावे.

आमचा विरोध अनुदानाला नाही. ते आम्हाला हवेच आहे. केंद्राच्या २०२१ च्या सीड फंड योजनेत ९४५ कोटींची तरतूद झाली आणि नमुना तयार करण्यासाठी एका स्टार्टअपला २० लाखांपर्यंत अनुदानाची सोय झाली. परभणीत कापूस वेचणीचे यंत्र किंवा लातुरात सोयाबीनची प्रतवारी करणारा कॅमेरा घडवू पाहणारी पोरे एवढ्या पैशात गाव न सोडता टिकाव धरू शकतात. पण याच योजनेत अट होती की अर्ज करताना कंपनी दोन वर्षांहून जुनी नसावी. पुण्यात प्रयोगशाळा, मार्गदर्शक, सीए हाकेच्या अंतरावर असतात. हिंगोलीच्या पोराची तीच दोन वर्षे माणसे शोधण्यात आणि कागद जमवण्यात संपतात. कागदावर सर्वांना सारखी असलेली ही अट आमच्या वाट्याला अन्याय होऊन येते. पुढच्या प्रत्येक योजनेत मागास जिल्ह्यांसाठी ती शिथिल झालीच पाहिजे.

रस्ते, सिंचन, वीज यांचा अनुशेष दांडेकर समितीने १९८४ मध्ये मोजून दाखवला. कलम ३७१(२) खालच्या विकास मंडळांनी निदान आकडे मांडले. त्यांची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली. नव्या उद्योगांच्या अनुदानाचा अनुशेष मग कोण मोजणार?

तो सरकारनेच मोजायचा आहे. अनुदान कोणाला आणि किती दिले, हे न मागता जाहीर करण्याचे बंधन माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ ने घातले आहे. आम्हाला जिल्हावार यादी हवी, आणि तीत नोंदणीच्या पत्त्याशेजारी प्रत्यक्ष काम कुठे चालते व पगार कुठल्या गावात होतात, तेही हवे. पुढचा हप्ता ही पडताळणी झाल्यावरच सुटावा.

मुदत येत्या १७ सप्टेंबरची. मुक्तिसंग्राम दिनाच्या ध्वजवंदनाला येताना सरकारने ही यादी सोबत आणावी.

ती आली नाही, तर दुसऱ्या दिवशी आठही जिल्ह्यांतून माहितीचे अर्ज एकाच वेळी पडतील आणि छत्रपती संभाजीनगरात विभागीय आयुक्तालयासमोर बेमुदत धरणे सुरू होईल. उत्तरासाठी कायद्याने दिलेले ३० दिवस उलटले की आम्ही उच्च न्यायालयात जाऊ. ज्या कंपन्यांची इथली कचेरी म्हणजे कुलूपबंद दारावरची नुसती पाटी आहे, त्यांच्या दारांचे फोटो पत्त्यासह त्या याचिकेला जोडलेले असतील.