तीन चाकांची सवारी

घरातील एखाद्याचा पाय पोलिओने किंवा अपघाताने अधू असेल, तर त्याचे जाणे-येणे इतरांच्या सवडीवर चालते. दवाखाना, बँक, बाजार, नातेवाइकांकडची दावत, प्रत्येक वेळी कुणाला तरी विचारावे लागते. आपण मायेने नेतो-आणतो, यात शंका नाही. पण नेहमी विचारावे लागणाऱ्याच्या मनाला काय वाटते, हे आपण क्वचितच विचारतो.

बाजूला चाके लावलेली स्कूटर हा यावरचा चांगला उपाय आहे. लोक तिला तीनचाकी म्हणतात. मोजली तर बहुतेक गाड्यांना चाके चार भरतात. मागचे मूळ चाक तसेच राहते आणि त्याच्या दोन्ही बाजूंना एकेक चाक बसवतात. गाडी उभी असताना पाय टेकावा लागत नाही, हा तिचा मोठा फायदा.

मात्र ही गाडी दुचाकीसारखी चालत नाही. आमच्या खाला ती शिकू लागल्या तेव्हा आम्ही सगळे ईदगाहच्या मोकळ्या मैदानावर गेलो. आधी भाच्याने चालवून दाखवली. त्याला दुचाकीची सवय. त्याने वळणावर अंग झुकवले, पण गाडी झुकेना आणि सरळच निघाली. खालांना दुचाकी कधी येतच नव्हती, त्यामुळे त्यांनी सांगितल्याप्रमाणे हँडल वळवले आणि गाडी वळली. "खाला, तुम्हीच आम्हाला शिकवा," असे म्हणायची वेळ आमच्यावर आली!

पहिल्या दिवशी ध्यानात ठेवायच्या गोष्टी थोड्याच आहेत. दुचाकी वळणावर आतल्या बाजूला झुकते. ही झुकत नाही. म्हणून वेगात वळवली तर आतले चाक उचलते आणि गाडी बाहेरच्या बाजूला उलटू शकते. बाजूची चाके आहेत म्हणून ती पडणारच नाही, हा समज धोक्याचा आहे. वेग वळणाच्या आधीच कमी करावा आणि अंग किंचित आत घ्यावे. पाय खाली सोडू नये. मागचे चाक त्यावर येऊ शकते. हँडल जिथून निघते तिथून मागची चाके निघतीलच असे नाही, म्हणून गल्लीत आणि फाटकात रुंदीचा अंदाज आधी घ्यावा. रस्ता एका बाजूला उतरता असेल तर गाडीही तशीच कलते; घाबरून हँडल झटक्याने फिरवू नये. उतारावर गाडी पडणार नाही, पण घरंगळेल. ब्रेक लॉक करूनच उतरावे. हेल्मेट अर्थातच हवे.

कायद्याची बाजूही नीट असावी. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 प्रमाणे गाडीत असा बदल करायला आरटीओची मंजुरी लागते. विमा कंपनीलाही कळवावे; नाहीतर अपघातानंतर भरपाईत अडचण येऊ शकते. रस्त्यावर सराव करण्याआधी शिकाऊ परवाना काढावा. 2020 पासून नोंदणीच्या अर्जात मालकीच्या प्रकारात 'दिव्यांगजन' अशी नोंद करता येते. ती करून घ्यावी आणि कोणत्या सवलती मिळतात ते तिथेच विचारावे.

राहिला प्रश्न घरच्यांच्या काळजीचा. मुलगी किंवा सून अधू असेल तर ही काळजी दुप्पट होते. "तुला काय गरज? आम्ही आहोत ना!" असे आपण सहज म्हणून जातो. काळजी खरी असेल तर ती कामाला लावावी: आठ-पंधरा दिवस मैदानात सोबत जावे, वळणे पुन्हा पुन्हा घ्यायला लावावीत, ब्रेक आणि जोडचाकांचे नट वेळोवेळी तपासून द्यावेत. एवढे झाल्यावर, परवाना हाती आला की, बिस्मिल्लाह म्हणून त्यांना एकटे जाऊ द्यावे. कुठे चाललात, हे घरातल्या इतरांना जितके विचारतो तितकेच त्यांनाही विचारावे.