छेद शहाण्णव, अंक एकोणतीस

दोनाचा वर्ग चार, चाराचा सोळा, सोळाचा दोनशे छप्पन्न. याच क्रमाने गेल्यास पाचवा वर्ग ४,२९,४९,६७,२९६ येतो आणि सहावा वीस अंकी होतो. या पाचव्या व सहाव्या वर्गांचा गुणाकार असा:

७९,२२,८१,६२,५१,४२,६४,३३,७५,९३,५४,३९,५०,३३६

अनुयोगद्वारसूत्रात मनुष्यसंख्येच्या संदर्भात हीच राशी येते. तिची अंकस्थाने एकोणतीस आणि ती शहाण्णव वेळा निम्मी करता येते, असे तिचे वर्णन आहे. गोम्मटसार पर्याप्त मनुष्यांची संख्या पाचव्या वर्गाचा घन म्हणून सांगते, राशी तीच. ही गणना अडीच द्वीपांतील मनुष्यांची आहे. तिची तुलना आजच्या जनगणनेशी करू पाहणे म्हणजे एका खात्याचा ताळा दुसऱ्या खातेवहीशी घालणे होय.

मला या संख्येत सर्वाधिक मोह आहे तो ‘अर्धच्छेद’ या कल्पनेचा. एखादी राशी एक उरेपर्यंत जितक्या वेळा निम्मी होते, तितके तिचे अर्धच्छेद. पाचव्या वर्गाचे ३२, सहाव्याचे ६४. राशींचा गुणाकार केला की अर्धच्छेदांची केवळ बेरीज होते, म्हणून ९६. एकोणतीस अंकी गुणाकार न मांडताच त्याचे स्वरूप हाती येते. आचार्य वीरसेनांच्या धवला टीकेत, म्हणजे नवव्या शतकात, अर्धच्छेदांचे गणित विस्ताराने आले आहे. (धवलेचे मुद्रण डॉ. हीरालाल जैन यांच्या संपादनाखाली १९३९ साली आपल्या अमरावतीहूनच सुरू झाले.) नेपियरची लॉगरिथमची कोष्टके १६१४ सालची. दोहोंमागील तत्त्व एकच असले, तरी कोष्टकांचे श्रेय नेपियरचेच, हे प्रांजळपणे मानावे.

व्यापारी ताळाही पाहू. सर्व अंकांची बेरीज १२७, तिची १०, तिची १. मूळ राशी म्हणजे चौसष्ट सोळा वेळा घेऊन केलेला गुणाकार. चौसष्टाला नवाने भागल्यास बाकी १, म्हणून कितीही वेळा गुणले तरी बाकी १ च. ताळा जमला.

एवढे अंक लक्षात कसे ठेवावेत? एक्सेलमध्ये ही संख्या भरून पाहावी: पंधरा अंक राहतात, पुढे चौदा शून्ये. गोम्मटसारात नेमिचंद्राचार्यांनी मात्र ती एका गाथेत अक्षरांनी बांधली आहे. क ते झ एक ते नऊ, ट ते ध एक ते नऊ, प ते म एक ते पाच, य ते ह एक ते आठ, ञ आणि न शून्य. अंक उजवीकडून डावीकडे वाचायचे. गाथेचे पहिले अक्षर त, म्हणजे ६. पुढे ल, ली, म्हणजे ३, ३. मग न, म्हणजे शून्य. संख्येत शून्य एकच, आणि अंक देणाऱ्या अक्षरांत न-ही एकच. मी सर्व एकोणतीस अक्षरे मोजून पाहिली. एकही अंक चुकलेला नाही.

आता एक गंमत. मायक्रोसॉफ्टच्या डॉट-नेट प्रणालीत पैशांच्या हिशेबासाठी ‘डेसिमल’ नावाचा प्रकार वापरतात. त्यात मावणारी सर्वांत मोठी संख्या आपल्या राशीहून नेमकी एकने कमी आहे. यात गूढ काही नाही. तेथे बत्तीस-बत्तीस द्विमान अंकांचे तीन कप्पे आहेत, म्हणजे पुन्हा पाचव्या वर्गाचा घन. मोजणी शून्यापासून होते, म्हणून शेवटची संख्या एकने कमी भरते. शून्य धरून मोजल्यास पूर्ण संख्या तितक्याच.