पाठीवरचे वजन आणि नाव घातलेला डबा

सह्याद्रीतल्या एका मुक्कामाच्या ट्रेकला पाण्यासकट ७ किलोंची सॅक पुरते. शुक्रवारी रात्री शेवटच्या कसारा लोकलमध्ये ठाणे, डोंबिवली, कल्याणला चढणाऱ्या सॅका मात्र सहज १२ किलोंवर जातात. सॅकचे वजन घरच्या काट्यावरही करता येते: आधी नुसते उभे राहावे, मग सॅक पाठीला लावून, आणि वजाबाकी करावी. शरीराच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याहून जड सॅक नको, असा सर्वसाधारण दंडक आहे. तो सपाटीला ठीक. बेलपाड्याहून नळीच्या वाटेने हरिश्चंद्रगडावर जाताना सुमारे १,००० मीटर चढावे लागते. तिथे पाचवा हिस्साही जास्त होतो आणि उतरताना तो गुडघ्यांवर येतो.

पहिली काटछाट खुद्द सॅकची. ६० लिटरची सॅक रिकामी असतानाच दीड-दोन किलो भरते, आणि तिच्यात जागा उरली की घरातले कोणीतरी ती भरून काढते. ३५ ते ४० लिटरची सॅक पुरेशी होते. दुसरी काटछाट अंथरुणाची. हिमालयासाठी घेतलेली स्लीपिंग बॅग माहुली गडावर घामाच्या धारा काढते. तिथे कॅरीमॅट, पातळ चादर आणि एक स्वेटर एवढ्यावर भागते. तिसरी जीन्सची. पावसात भिजलेली जीन्स लवकर वाळत नाही, आणि तिने प्यायलेले पाणी ट्रेकरलाच वाहावे लागते. थोडक्या सामानात किती चालता येते, याचा दाखला हवा तर हा: अमेरिकेत १९५५ साली एमा गेटवूड या ६७ वर्षांच्या आजीबाई अॅपलेशियन ट्रेलचे ३,००० किलोमीटरहून जास्त अंतर एकट्या चालल्या. त्यांच्याकडे तंबू नव्हता आणि स्लीपिंग बॅगही नव्हती. घरी शिवलेली कापडी पिशवी, कॅनव्हासचे बूट आणि पावसासाठी न्हाणीघरातला प्लॅस्टिकचा पडदा, एवढ्यावर त्यांनी तो ट्रेल पार केला.

चौथी काटछाट गटाची. सहा जण निघाले की सहा चाकू, सहा पॉवर बँका आणि औषधांच्या सहा पिशव्या निघतात, कारण दुसरा आणेल यावर कोणाचाच विश्वास नसतो. निघण्याच्या दोन दिवस आधी वस्तू वाटून घेतल्या, तर माणशी किलोभर तरी सुटतो. अलंग-मदनसारख्या गडांवर हे अटळच असते. तिथे दोर लागतो, ३० मीटरचा दोर सुमारे दोन किलोंचा होतो, आणि त्यात कपात करता येत नाही.

पाचवी काटछाट खाण्याची, आणि इथे शास्त्र आईच्या बाजूने आहे. एक ग्रॅम स्निग्धांशातून ९ कॅलरी मिळतात, पिठातून किंवा साखरेतून ४. काकडी, संत्री आणि कलिंगडाच्या फोडी म्हणजे बहुतांशी सालीत भरलेले पाणी. त्यामुळे वजनाच्या हिशेबात दाण्याचा लाडू, खोबऱ्याची वडी आणि तुपातली दशमी यांच्यापुढे महागडी एनर्जी बारसुद्धा फारशी टिकत नाही. लाडवांवरून घरी होणारे वाद ट्रेकरने मुकाट्याने हरावेत.

वाद घालायचा तो डब्यावरून. लाडू स्टीलच्या डब्यात येतात. डब्याला झाकण असते, झाकणाच्या आत छोटा डबा असतो, त्यात लोणचे असते, आणि तिन्हींवर नाव घातलेले असते. मराठी घरात भांड्यावर नाव कोरले जाते ते हळदीकुंकवाला किंवा शेजारी गेलेले भांडे परत यावे म्हणून. नियम गडालाही लागू होतो. लाडू पहिल्या पठारावर संपतात, पण डबा शिखरावर जातो, गुहेत मुक्काम करतो आणि रविवारी रात्री घरी पोचतो. तो हरवला तर पुढच्या ट्रेकची परवानगी धोक्यात येते, कारण त्यावर बहुधा आजीच्या लग्नाची तारीख असते. रिकामा डबा ही ट्रेकमधली एकमेव वस्तू असावी, जी संपूर्ण प्रवासात काहीच काम करत नाही आणि तरी सर्वांत जपून नेली जाते. यावर उपाय एकच: डबा हातात येण्याआधी आईला दुधाची धुतलेली पिशवी नेऊन द्यावी. ती काही ग्रॅमांची असते, तिच्यावर कोणाचे नाव नसते, आणि ती खिशात घालून परत आणता येते. जेवण शक्य तिथे पायथ्याच्या गावात सांगावे. पाचनईसारख्या गावातली पिठले-भाकरी सॅकमधल्या शेगडीचे, भांड्याचे आणि तांदळाचे वजन वाचवते.

पाण्याचे वजन ठरलेले आहे: एका लिटरला एक किलो. गडावरचे कोणते टाके पिण्याजोगे आहे आणि ते कोणत्या महिन्यापर्यंत भरलेले असते, हे गावात विचारून घेतले की दोन बाटल्या कमी नेता येतात. मार्चनंतर मात्र ही काटकसर करू नये. त्या दिवसांत तीन लिटर पाणी आधी सॅकमध्ये जाते आणि बाकीचे सामान उरलेल्या वजनात बसवावे लागते.

टॉर्च, शिट्टी, रोजची औषधे, पट्टी-मलम आणि पावसाळ्यात रेनकोट यांना हात लावू नये. शेवटची काटछाट परतल्यावर होते. सॅक रिकामी करताना न वापरलेल्या वस्तू वेगळ्या ठेवाव्यात, आणि न काढण्याच्या या यादीबाहेरचे जे काही त्या ढिगात असेल, ते पुढच्या वेळी घरी ठेवावे. डबा त्या ढिगात येत नाही. तो आधीच स्वयंपाकघरात मोजून घेतलेला असतो.