गॅस भरणे म्हणजे दुरुस्ती नव्हे

उन्हाळा लागला की आमच्या मराठवाड्यात गाडीच्या एसीवर एकच इलाज चालतो, गॅस भरून घ्या. गाडीमालक स्वतःच तो सुचवतो, मिस्त्री मान डोलावतो आणि पुढच्या मार्चमध्ये दोघे पुन्हा भेटतात. यात दोघांचेही नुकसान आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

एसीतला गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. तो बंद नळ्यांतून फिरत राहतो. कॉम्प्रेसर त्याला दाबतो, पुढच्या जाळीत म्हणजे कंडेन्सरमध्ये तो उष्णता बाहेर टाकून पातळ होतो आणि डॅशबोर्डमागच्या कूलिंग कॉइलमध्ये त्याची वाफ होताना आतली उष्णता शोषली जाते. रबरी पाइप आणि सीलमधून काही वर्षांत थोडाफार झिरपतो, हे खरे. पण दरवर्षी भरावा लागत असेल तर गळती आहे, आणि ती शोधल्याशिवाय भरलेला गॅस हवेत सोडल्यासारखाच. बहुतेक गाड्यांत असलेला आर-१३४ए ओझोनला मारक नसला, तरी वजनाला वजन कार्बन डायऑक्साइडच्या हजार पटींहून जास्त उष्णता अडवून ठेवतो.

मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो. रोग ओळखण्याला उर्दूत तश्खीस म्हणतात, मराठीत निदान. मराठीत ‘निदान’चा आणखी एक अर्थ आहे, कमीत कमी. गॅरेजात तोच जास्त ऐकू येतो. ‘निदान गॅस तरी भरून द्या!’

खरे निदान गॅसच्या आधी सुरू होते. गाडी पळताना गार आणि सिग्नलला गरम हवा येत असेल, तर कंडेन्सरचा पंखा फिरतो का ते आधी बघायचे. फ्यूज किंवा रिले गेला असेल तर गॅस काय करणार? हवेचा झोतच कमी असेल तर केबिन फिल्टर काढून पाहा. बऱ्याच गाड्यांत तो ग्लोव्ह बॉक्सच्या मागे असतो आणि आपल्या धुळीत लवकर गच्च होतो. हे काम घरीही जमते. पायाशी पाणी साचले तर निचऱ्याची नळी तुंबली असेल. गाडीखाली थेंब पडणे मात्र चांगले लक्षण, कॉइलवरचा ओलावा बाहेर जातो आहे.

मग दोन काट्यांचे मीटर. दोन्ही काटे खाली असतील तर गॅस कमी. निळा चढलेला आणि लाल उतरलेला असेल तर कॉम्प्रेसर थकल्याचा संशय. दोन्ही चढलेले असतील तर गॅस जास्त झाला आहे किंवा कंडेन्सरला हवा मिळत नाही. जास्त गॅसनेही गारवा कमी होतो, हे ग्राहकाला पटवणे सगळ्यात अवघड! गळतीची जागा पुष्कळदा स्वतःच बोलते. गॅसबरोबर तेल बाहेर येते आणि जोडावर तेलकट धूळ चिकटते. नाही दिसली तर नायट्रोजनचा दाब देऊन साबणाचे पाणी लावायचे. दुरुस्तीनंतर निदान अर्धा तास व्हॅक्यूम, नाहीतर आत राहिलेला ओलावा व्हॉल्व्हमध्ये गोठतो. शेवटी गॅस, तोही बॉनेटखालच्या स्टिकरवर दिलेल्या ग्रॅमनुसार, काट्यावर तोलून. अंदाजाने नाही.

दहावीनंतर गॅरेजात गेलेली माझी काही मुले हे सगळे जाणतात. पण त्यांना ते करू दिले जात नाही. ‘नुसते बघायचे कसले पैसे?’ असे विचारणारा ग्राहक डॉक्टरला मात्र औषधाआधी फी देतो. गॅस भरून महिन्याभरात एसी बंद पडला की ‘हे लोक लुटतातच’ म्हणून मोकळा. त्या ‘हे लोक’मध्ये केवळ मिस्त्री नसतात, हे आपल्याला कळते. दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. वर्षाला परत येणारी गाडी काही उस्तादांना सोयीची वाटते आणि शागीर्दाच्या हाती मीटर द्यायला ते पाच-पाच वर्षे लावतात. याला मी तालीम म्हणणार नाही.

ही सोय फार दिवस टिकणारही नाही. नव्या आर-१२३४वायएफ गॅसला पेट घेण्याचा थोडा गुण आहे. इलेक्ट्रिक गाडीचा कॉम्प्रेसर उच्च दाबाच्या विजेवर चालतो, त्याचे तेलही वेगळे. चुकीचे तेल घातले तर विजेचे इन्सुलेशन बिघडते. हे बघून बघून शिकण्याचे काम नाही. आयटीआयत रेफ्रिजरेशन आणि एअर कंडिशनिंगचा दोन वर्षांचा कोर्स आहे. दहावीच्या निरोप समारंभात आपण डॉक्टर-इंजिनिअरची नावे घेतो, त्या कोर्सचे नाव कोणी घेत नाही.

गेल्या वर्षी एक जुना विद्यार्थी वायरिंगचा नकाशा घेऊन घरी आला. काम येत होते, इंग्रजी शब्द अडत होते. दोन तास बसलो. प्रेशर स्विच, रिले, क्लच कॉइल, प्रत्येकापुढे त्याने उर्दूत आणि मी मराठीत लिहिले. चाळीसेक शब्द झाले आहेत; तो आता त्याच्या गॅरेजमधल्या इतर मुलांनाही वही दाखवतो.