शुश्रूषा मोजायची कशाने?

घरातील आजोबा न्हाणीघरात घसरतात, खुब्याचे हाड मोडते, शस्त्रक्रिया यशस्वी होते आणि काही दिवसांतच रुग्णालय घरी जाण्यास सांगते. खरा प्रश्न तेथून सुरू होतो. दोन खोल्यांचे घर, नोकरी करणारे मुलगा-सून, परदेशी स्थायिक झालेली मुलगी! अशा कुटुंबाला काही महिन्यांसाठी शुश्रूषा व पुनर्वसन केंद्राचा आधार घ्यावा लागतो. मात्र, त्यातले चांगले कोणते, हे ठरविण्याचे विश्वासार्ह साधन कुटुंबाच्या हाती नाही. माहितीपत्रकातील बाग, ओळखीच्या कोणाचा तरी शब्द आणि मासिक शुल्क यांवरच निर्णय होतो.

या स्थितीचे मूळ व्यवस्थेत आहे. वृद्धाश्रम हा समाजकल्याणाचा विषय, तर रुग्णालय आरोग्य खात्याचा. आपल्याकडे 'नर्सिंग होम' म्हटले की डोळ्यांपुढे छोटे खासगी रुग्णालय किंवा प्रसूतिगृह येते आणि राज्याच्या १९४९ च्या नोंदणी कायद्याचा वापरही प्रामुख्याने त्यांच्यासाठीच होतो. दीर्घकालीन शुश्रूषेची केंद्रे या दोहोंच्या फटीत सापडतात. आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या २००७ च्या कायद्याने वृद्धाश्रमांचे निकष ठरविण्याचा अधिकार राज्यांना दिला. पण त्याचा रोख निराधार वृद्धांच्या आश्रयावर होता. खासगी निवासकेंद्रे आणि घरपोच सेवा देणाऱ्या संस्था यांची नोंदणी व किमान निकष सुचविणारे दुरुस्ती विधेयक डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत मांडले गेले. ते मंजूर झालेच नाही आणि २०२४ मध्ये त्या लोकसभेबरोबरच व्यपगत झाले. देशात २०११ च्या जनगणनेनुसारच साठीपुढील नागरिकांची संख्या दहा कोटींच्या वर होती, हे ध्यानात घेता ही दिरंगाई क्षम्य म्हणता येणार नाही.

अमेरिकेचा अनुभव येथे उद्बोधक आहे. तेथे १९८७ च्या कायद्याने शुश्रूषागृहांची पूर्वसूचनेविना तपासणी सक्तीची केली. दोन तपासण्यांत पंधरा महिन्यांहून अधिक अंतर पडता कामा नये, असा दंडक घातला. डिसेंबर २००८ पासून प्रत्येक केंद्राला एक ते पाच तारे देण्यात येऊ लागले. तपासणीचा अहवाल, कर्मचाऱ्यांचे प्रमाण आणि रुग्णांच्या प्रकृतीचे निदर्शक हे त्याचे तीन आधार. परंतु, यांतील शेवटच्या दोन बाबींची माहिती केंद्रे स्वतःच देत असल्याने ताऱ्यांची संख्या वाढली, तरी सेवा तितकीच सुधारली याची खात्री देता येईना. अखेर २०१८ पासून कर्मचाऱ्यांची संख्या पगारपत्रकांच्या आधारे मोजली जाऊ लागली. मूल्यांकन होणे जितके महत्त्वाचे, तितकेच ते कोणाच्या माहितीवर होते हेही महत्त्वाचे, हा त्यातला धडा.

तोवर कुटुंबांनी काय पाहावे? इमारत नव्हे, माणसे पाहावीत. रात्री दोन वाजता किती रुग्णांमागे एक परिचारिका असते? ती प्रशिक्षित आहे, की ब्यूरोकडून आलेल्या मावशींवरच सारी भिस्त आहे? अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची कूस दर दोन तासांनी बदलतात काय आणि त्याची नोंद होते काय? पाठीवर, टाचेवर झालेली जखम हे केंद्राचे सर्वांत बोलके प्रगतिपुस्तक होय. फिजिओथेरपिस्ट रोज किती वेळ देतो, पडण्याच्या घटना नोंदवल्या जातात काय, दर आठवड्याला वजन होते काय, रुग्णाला खाटेला बांधले जाते काय, हे स्पष्टपणे विचारावे. 'रुग्ण हिंडतो म्हणून बांधतो' हे उत्तर मनुष्यबळाच्या टंचाईची कबुलीच असू शकते. अनामत रकमेचा परतावा आणि तातडीच्या वेळी कोणत्या रुग्णालयात नेणार, हे करारात असावे. भेट शक्यतो जेवणाच्या वेळी, न कळवता द्यावी. ज्या केंद्राला अशी भेट खपत नाही, तेथे पाऊल न टाकलेले बरे.

अर्थात, हा भार कुटुंबांवर कायम टाकणे हा धोरणाला पर्याय नव्हे. पक्षाघाताने वाचा गेलेली आजी तक्रार करू शकत नाही आणि अन्यत्र जागा नाही म्हणून मुलेही गप्प राहतात. जेथे ग्राहकच मूक असतो, तेथे बाजाराची शिस्त चालत नाही. म्हणूनच राज्य सरकारने या केंद्रांची स्वतंत्र नोंदणी करावी, अचानक तपासणी करावी आणि तिचे अहवाल सर्वांना पाहता येतील असे मराठीत प्रसिद्ध करावेत. तारे नंतर देता येतील. आधी दार उघडून आत पाहणारे कोणीतरी हवे.