एका गाण्यानं गिळलेला बँड

'कूल अँड द गँग' म्हटलं की लोक 'सेलिब्रेशन' म्हणतात आणि विषय संपवतात. लग्न असो, वाढदिवस असो, सामना जिंकलेला असो, लावा तेच. १९८०चं गाणं, १९८१ साली अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. वाईट नाहीये ते. पण एखाद्या कवीला त्यानं लिहिलेल्या डोहाळजेवणाच्या गाण्यावरून ओळखावं, तसला हा प्रकार आहे.

माझं भांडण आहे ते त्यांच्या १९७१च्या 'लाइव्ह अ‍ॅट द सेक्स मशीन' या अल्बमला 'उमेदवारीच्या काळातलं काहीतरी' म्हणून बाजूला सारणाऱ्यांशी. (नाव वाचून भुवया उंचावू नका मंडळी. सेक्स मशीन हे फिलाडेल्फियातल्या एका क्लबाचं नाव होतं. नातवंडांना हा अल्बम पाठवताना एवढा खुलासा मीही जोडला होता!)

पहिला आक्षेप ठरलेला: बरीच गाणी उसनी आहेत. आहेतच. 'वॉक ऑन बाय' बर्ट बॅकरॅकचं, 'विचिटा लाइनमन' जिमी वेबचं, आणखी एक स्लाय स्टोनचं. मग? ही जर्सी सिटीतली पोरं १९६४ साली 'जॅझिअ‍ॅक्स' नावानं जॅझ वाजवायला लागली. पुढे दुसऱ्यांच्या मागे उभं राहून लोकप्रिय गाणी वाजवणं हे त्यांचं पोटापाण्याचं काम झालं. आपल्याकडे एकच बंदिश दहा गवई गातात, तेव्हा कुणी 'उसनी' म्हणत नाही. तिचं काय केलं ते विचारतात. इथेही तेच विचारा ना.

दुसरा आक्षेप, मुख्य गायक नाही. हा तर मला गुणच वाटतो. बासवर रॉबर्ट बेल, सॅक्सोफोनवर त्याचा धाकटा भाऊ रोनाल्ड आणि डेनिस थॉमस, ट्रंपेटवर स्पाइक मिकन्स, गिटारवर क्लेड्स स्मिथ, कीबोर्डवर रिकी वेस्ट, ड्रमवर जॉर्ज ब्राउन. सगळे विशीच्या आसपास. आवाज लागेल तिथे यांच्यातलाच कुणीतरी लावतो. फंकमध्ये पहिल्या मात्रेचा दाब सगळ्यांनी मिळून सांभाळायचा असतो, आपल्या समेसारखा, फक्त ती दर आवर्तनाला ठोसा मारून सांगितलेली. गिटारसुद्धा सूर कमी आणि ठेका जास्त देते. अशा वादनात समोर एक हिरो उभा केला की बाकीचे साथीदार होतात. १९७९ला जे. टी. टेलर गायक म्हणून आला, देओदातो निर्माता झाला, रेकॉर्डी धडाधड खपल्या. पैसे मिळाले, छानच झालं. पण त्याला बँडची 'प्रगती' म्हणायला माझी तयारी नाही.

आणि ध्वनिमुद्रण ओबडधोबड आहे म्हणे! क्लबात लोक ओरडणारच. ते ओरडतात म्हणून वादक पुढची फेरी घेतात. हे काचेच्या खोलीत कसं व्हायचं?

या अल्बममधलं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते 'हूज गॉना टेक द वेट'. भार कोण उचलणार, असा सरळ प्रश्न. सुरुवातीला गाणं नाहीच, लोकांना उद्देशून बोलणं आहे, जगाच्या बिकट अवस्थेबद्दल. तेव्हा व्हिएतनामचं युद्ध चालू होतं. विशीतल्या कृष्णवर्णीय मुलांनी नाचायला आलेल्या लोकांना आधी हे ऐकवलं आणि मग नाचवलं. नऊ वर्षांनी त्याच बँडनं 'आनंद साजरा करा' म्हटलं, तेवढंच जगानं उचललं. भाराचा प्रश्न रेकॉर्डीतच राहिला.

२०२४ साली त्यांना 'रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम'मध्ये घेतलं. स्मिथ २००६ साली गेला, मिकन्स २०१०, रोनाल्ड बेल २०२०, थॉमस २०२१, जॉर्ज ब्राउन २०२३. वेस्ट तर त्याआधीच कधीचा गेलेला. वर नावं घेतलेल्या सातजणांपैकी तो मान बघायला एकटा रॉबर्ट उरला होता. सत्काराला उशीर करण्याचं आपल्याकडचं तंत्र अमेरिकेतही चांगलंच रुजलेलं दिसतं.

असो. संकलनं घेऊ नका. हा अख्खा अल्बम ऐका, आणि आवडला तर त्याच वर्षीचा 'लाइव्ह अ‍ॅट पीजेज'ही. बास नीट ऐकू येईल अशा स्पीकरवर. मोबाइलच्या चिमुकल्या स्पीकरवर रॉबर्ट बेल अर्धासुद्धा पोचत नाही.